साक्षीत राहून गेलेले थेंब

माझ्या हातून काय झालं ते सांगायचं तर आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्ष कशी देतात हे आधी सांगायला हवं. रविवारच्या उपासनेत सूचना वाचून झाल्या की पाळकसाहेब चष्मा काढून विचारतात, "आज कोणाला साक्ष द्यायची आहे?" मग कोणीतरी उठतं आणि प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगतं. मुलगी पास झाली, बदली रद्द झाली, हरवलेलं पाकीट सापडलं. बाकीचे हालेलुया म्हणतात आणि सांगणारा घाम पुसत खाली बसतो. याचे नियम कोणी लिहून ठेवलेले नाहीत, पण सगळ्यांना पाठ आहेत. साक्ष फार लांबवायची नाही. मध्येच रडू आलं तर चालतं. आणि दुखण्याची साक्ष असेल तर तिच्यात औषधाला जागा नसते. डॉक्टर असतो, पण तो नुसता चकित होण्यापुरता.

या साक्षींना मी मनातल्या मनात नाकं मुरडत आले. तीस वर्षं शाळेत चौथीचा वर्ग सांभाळलेली बाई मी. कोण किती फुगवून सांगतंय ते मला दुसऱ्या वाक्याला कळतं. तरी खरं सांगायचं तर मला हेवाही वाटायचा. आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, आमचं सगळं कसं सुरळीत आणि इस्त्री केलेलं. आमच्या घरातून वर्षानुवर्षं कोणी साक्षीला उठलं नव्हतं. नव्याने विश्वासात आलेल्या बायका मात्र दर रविवारी उठायच्या, आणि पाळकीणबाई माझ्याकडे वळून म्हणायच्या, "ताई, तुम्ही कधी सांगणार?" जणू देव आमच्या गल्लीत फिरकतच नव्हता.

मग चष्म्याचा नंबर बदलायला म्हणून आमच्या सोलापुरात सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डोळ्यातला दाब अठ्ठावीस. हे दुखणं लबाड असतं. दुखत नाही, खुपत नाही, नजर कडेकडून कमी होत जाते आणि मधलं सगळं स्वच्छ दिसत राहतं, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. आहे ती टिकवायची तर सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत थेंब घालायचे, जन्मभर. त्या आठवड्यात मी फार घाबरले. भगिनी मंडळात सांगितलं, सगळ्याजणींनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. घरी आमचे हे रोज दोन वेळा माझ्या डोळ्यांत थेंब घालू लागले. रेल्वेत गार्ड होते, त्यामुळे वेळेचे पक्के. दोन महिन्यांनी तपासलं तर दाब सोळा. डॉक्टर म्हणाले, "वा, छान." माझ्या साक्षीतला चकित डॉक्टर तो एवढाच.

त्याच रविवारी मी उठले. दाब अठ्ठावीस होता, बहिणींनी प्रार्थना केली, आता सोळा आहे, डॉक्टरांना आश्चर्य वाटलं. सगळं मिळून पाच वाक्यं. खाली बसणार तोच पाळकसाहेबांनी आनंदाने विचारलं, "म्हणजे ताई, औषधाविना?"

तो प्रश्न मला आजही ऐकू येतो. तेव्हा "नाही हो, थेंब चालू आहेत" एवढंच म्हणायचं होतं. शाळेत एखाद्या पोराने असं टाळलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. पण सगळी मंडळी माझ्याकडे बघत होती, पाळकीणबाईंचे डोळे भरून आले होते, आणि जन्मात पहिल्यांदा आमच्या घरात देव आल्यासारखं सगळ्यांना वाटत होतं. मी म्हणाले, "प्रभूने केलं." हे काही खोटं नव्हतं. थेंबही त्यानेच दिले असं आजही मी मानते. पण मी ते वाक्य कशासाठी वापरलं हे मला ठाऊक होतं, आणि मागच्या बाकावरून जो हालेलुयाचा गजर झाला त्यात ते बुडून गेलं. माझ्यावर दार लागलं ते त्या क्षणी, आणि कडी मीच आतून लावली होती.

पुढे त्या साक्षीला पाय फुटले. पाळकसाहेबांनी तिच्यावर प्रवचन केलं. अक्कलकोटकडच्या एका मंडळीत सांगितली, तिथून दोन बायका मला बघायला आल्या. एका लग्नात एक गृहस्थ आपल्या आईला माझ्याकडे घेऊन आले, "हिच्या डोळ्यांवर हात ठेवा." मी ठेवला. काय करणार, सगळे बघत होते. तो हात मला नंतर जेवताना नकोसा झाला.

घरात तर मी चोरासारखी राहू लागले. थेंबांची बाटली फ्रिजमध्ये ठेवायची असते. कोणी भेटायला येणार असलं की ती मी कोथिंबिरीच्या डब्यात खुपसायची. दवाखान्यात जाताना कॉलेजच्या मुलींसारखा तोंडाला स्कार्फ बांधायची. एकदा बायकांचं तीन दिवसांचं शिबिर होतं, सगळ्या एका हॉलमध्ये ओळीने झोपायच्या. हे बरोबर नाहीत, आणि मला स्वतःच्या हाताने थेंब घालता येत नाहीत. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, मी संडासात उभी राहून मान वर करून ती बाटली डोळ्यावर पिळत होते. अर्धे थेंब गालावर. बाहेरून कोणीतरी दार वाजवलं, "ताई, बरं आहे ना?" मी आतून म्हणाले, "प्रभूची कृपा." मग माझं मलाच हसू आलं आणि लगेच रडूही आलं. बाहेर आल्यावर सगळ्यांना वाटलं मी आत प्रार्थना करत होते.

मला कोणी धमकावत नव्हतं, कोणी पकडून ठेवलं नव्हतं. तरी कुठेही गेले तरी माझी साक्ष माझ्या आधी तिथे पोचलेली असायची आणि मला तिच्याप्रमाणे वागावं लागायचं. आमच्या यांना यात काही वावगं दिसत नव्हतं. ते मंडळीचे पंच, म्हणजे कारभाऱ्यांपैकी एक. ते म्हणायचे, "तू कुठे खोटं बोललीस? आणि लोकांचा विश्वास वाढतोय, त्यात कोणाचं काय बिघडलं?" हे म्हणताना ते माझा डोळा उघडून धरायचे आणि थेंब सोडायचे.

कोणाचं काय बिघडलं ते मला एका दुपारी कळलं.

आमच्या मंडळीत एक विड्या वळणारी बाई आहे. तेलुगू घरातली, पूर्व भागात राहते, चार वर्षांपूर्वी विश्वासात आली. वयाने माझ्याहून लहान, पण सगळे तिला अक्का म्हणतात, म्हणून मीही. बाप्तिस्म्याच्या आधी पंचांनी तिला विड्यांवरून हटकलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "मी वढत न्हाय की साहेब, नुसतं वळते." यावर पंचांनी पुढचा प्रश्न घेतला. मला ती तेव्हापासून आवडायची. ती त्या दुपारी माझ्या दारात आली, हातात झाकलेली ताटली. घरी केलेली शेंगांची चटणी आणली होती.

"बाई, तुमचे उपकार हाईत माझ्यावर," ती म्हणाली. "मला बी काचबिंदू हाय. दोन वर्सं झाली. तुमाला ठावं न्हवतं की."

मी म्हटलं, "नाही गं, मला कोणी बोललं नाही."

"तुमची साक्ष ऐकले आन् घरी जाऊन बाटली टाकून दिले बघा. म्हटलं, बाईला देवानं केला तर मला न्हाय का करणार? चार महिने झाले. काय सुदिक तरास न्हाय. बेस दिसायलंय."

माझ्या तोंडून जे निघालं ते लिहायची लाज वाटते. मी म्हणाले, "चहा घेतेस ना?" आणि स्वयंपाकघरात गेले. फ्रिज उघडून दूध काढलं. दुधाच्या पिशवीमागे कोथिंबिरीचा डबा होता. मी दार लावलं, चहा केला, आलं जरा जास्तच किसलं, कारण तेवढा वेळ बाहेर जावं लागत नव्हतं. ती चहा पिऊन, माझ्यासाठी प्रार्थना करून, आमच्या मंडळीतला सलाम करून गेली. तिने माझ्यासाठी प्रार्थना केली आणि मी आमेन म्हणाले.

त्यानंतरचे दिवस मला कोणी परत दिले तर मी घेणार नाही. सकाळी थेंब डोळ्यात पडला की ती आठवायची. ज्या दुखण्याला मी एक दिवस औषध चुकवत नव्हते, त्याच दुखण्यात ती माझ्या शब्दावर चार महिने विनाऔषध होती. आणि तिला त्रास नव्हता, हेच तर भयंकर होतं. तिला कळणारच नव्हतं. विड्या वळताना तिला बघावंही लागत नाही, मांडीवर सूप घेऊन ती गप्पा मारत बसते आणि बोटं आपोआप पान कापतात, तंबाखू भरतात, दोरा गुंडाळतात. अशा बाईची नजर कडेने गेली तर तिच्या कामावरून ते कळायला वर्ष लागेल.

मी प्रार्थना करायचे, पण कसली ते ऐका. "प्रभू, तिचा दाब खरोखरच कमी कर. तुला काय अवघड आहे?" रोज हेच. आठवडाभराने मला उमगलं की मी तिचे डोळे मागत नव्हते. मला बोलावं लागू नये एवढंच मागत होते. माझ्या लबाडीवर पांघरूण पडावं म्हणून मी देवाला चमत्कार करायला सांगत होते. जन्मभर मी वर्गात शिकवलं, रविवारच्या शाळेत शिकवलं, की चिंता त्याच्यावर टाका. आता माझी चिंता मी त्याच्यावर टाकत होते ती अशी, की निस्तर तूच, पण माझं नाव घेऊ नकोस.

शेवटी मी पाळकसाहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. माणूस वाईट नाही. त्यांनी उठून खोलीचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, "ताई, साक्ष जाहीरपणे मागे घेतली तर कोवळे विश्वासी डळमळतील. लोक म्हणतील, बाकीच्याही साक्षी अशाच असतील. प्रभूच्या नावाला बट्टा लागेल. तुम्ही त्या बहिणीला एकटीला, खाजगीत समजावून सांगा." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मंडळीसमोर उभं राहायचं नव्हतं. मी पळत घरी आले.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून अक्काकडे गेले. ती दाराबाहेर ओट्यावर बसली होती, बरोबर शेजारच्या चार-पाच बायका, सगळ्यांच्या मांडीवर सुपं. मी दिसताच ती त्यांना तेलुगूत काहीतरी म्हणाली, आणि सगळ्या माझ्याकडे आदराने बघू लागल्या. एकीने बसायला पाट दिला. मला कळलं, माझी साक्ष इथेही पोचली होती, आणि या बायका तर आमच्या मंडळीतल्याही नव्हत्या. मी अक्काला आत बोलवायला हवं होतं. तिथेच बसून, हसत, सहज बोलल्यासारखं म्हणाले, "अक्का, विश्वास आहेच, पण थेंबही चालू ठेव हं. औषधही देवाचंच असतं."

तिची बोटं क्षणभर थांबली. मग ती मान हलवून हसली. "बाई, तुमी माझा इस्वास बघायलाव. मला कळतंय की. मी न्हाय हलणार." आणि बायकांना म्हणाली, "बगा, परीक्षा घ्यायला आल्या. शाळेतल्या बाई हाईत शेवटी."

त्या हसल्या. मीही हसले. मी पाटावरून उठले. अर्धं खरं सांगून भागणार नव्हतं, कारण ते ती माझ्या थोरवीतच जमा करत होती. "मी स्वतः रोज घालते" हे चार शब्द सोडून मी काहीही म्हटलं असतं तरी तिने ते विश्वासाची कसोटी म्हणूनच घेतलं असतं. आणि ते चार शब्द काही केल्या माझ्या तोंडातून बाहेर येत नव्हते. रिक्षात बसल्यावर मी स्वतःला शिव्या दिल्या, चांगल्या सोलापुरी. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.

मी आणखी दोन महिने गप्प राहिले. दोन महिने. हे मी मुद्दाम दोनदा लिहितेय, कारण वाचणाऱ्याला वाटेल की बाईला पश्चात्ताप झाला आणि तिने लगेच सांगितलं. झाला, आणि तरी नाही सांगितलं. दर रविवारी ठरवून जायचे आणि दर रविवारी काहीतरी व्हायचं. कधी पाहुणे वक्ते, कधी कोणाच्या आईचं निधन, कधी नुसतीच माझी जीभ.

मग प्रभुभोजनाचा रविवार आला. त्या दिवशी आमच्याकडे बायका पांढऱ्या साड्या नेसतात. भाकरीचे तुकडे वाटून होतात, मग पंच मोठ्या ट्रेमधून द्राक्षरसाचे छोटे छोटे पेले घेऊन बाकांमधल्या वाटेने फिरतात, बाकाच्या टोकाला उभे राहून ट्रे पुढे करतात. अक्का माझ्या पुढच्याच ओळीत, बाकाच्या डाव्या टोकाला बसली होती. ट्रे घेऊन आले ते आमचे हे. तिच्या डाव्या हाताशी उभे राहून त्यांनी वाकून ट्रे धरला. ती समोर बघत बसून राहिली. त्यांनी ट्रे आणखी जवळ नेला, अगदी खांद्याशी. तिला दिसला नाही. मग पलीकडच्या बाईने तिला कोपराने डिवचलं, ती "अं?" म्हणून डावीकडे वळली आणि तिचा हात सरळ ट्रेवर आदळला. पेले खाली पडले, रस तिच्या साडीवर, आमच्या यांच्या बाहीवर. ती ओशाळून हसत म्हणाली, "माझं लक्षच न्हाय बगा."

यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांचा चेहरा असा पांढरा पडलेला पाहिला नव्हता. अक्काने बाटली टाकल्याचं मी त्यांना सांगितलेलं होतं, आता दोघांनाही कळलं. तिचं लक्ष होतं. नजर नव्हती.

शेवटचं गीत झालं, पाळकसाहेबांनी आशीर्वादासाठी हात वर केला, आणि मी उठून उभी राहिले. कोणी साक्ष विचारली नव्हती. मी म्हणाले, "थांबा, मला बोलायचंय." माझा आवाज वर्गातला लागला, तो एकदा लागला की मग थांबत नाही. मी म्हणाले, "सहा महिन्यांपूर्वी मी साक्ष दिली तेव्हा माझ्या डोळ्यांत थेंब चालू होते. आजही आहेत. त्या रविवारी सकाळीसुद्धा घालून आले होते. पाळकसाहेबांनी औषधाविना का म्हणून विचारलं तेव्हा मी उत्तर टाळलं, मला सगळ्यांनी चांगलं म्हणावं म्हणून. कोणी माझं ऐकून औषध बंद केलं असेल तर आजच्या आज चालू करा. प्रभूने मला बरं केलं असेल तर त्या बाटलीतून केलं, आणि ती बाटली मी तुमच्यापासून लपवून ठेवली."

कोणी हालेलुया म्हणालं नाही. पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला, जरा घाईने. बाहेर पडताना एक बाई मला म्हणाली, "ताई, एवढं सगळ्यांसमोर कशाला? झाकली मूठ राहिली असती." पाळकीणबाई माझ्याजवळून गेल्या आणि थांबल्या नाहीत. पण आमचे हे ओल्या बाहीने माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि तिथून हलले नाहीत.

मला वाटलं होतं की सांगितलं की मोकळं वाटेल. मोकळं कसलं वाटतंय. इतके दिवस मला भीती होती की देवाच्या नावाला बट्टा लागेल. त्याचं नाव काही पडलं नाही. पुढच्या रविवारीही लोक आले, गायले, साक्षी दिल्या. देव माझ्या कोथिंबिरीच्या डब्यावर टेकून उभा नव्हता. नाव पडलं ते माझं, आणि त्याची मला वाटलं तितकी फिकीरही उरली नव्हती, कारण त्या दिवशी बाहेर पडताच समोरून अक्का येत होती, साडीवर रसाचे डाग घेऊन.

"म्हंजे तुमी रोज घालत हुता?"

"हो."

"मी चटणी घेऊन आले त्या दिशी बी?"

"हो."

"बाटली कुटं हुती तवा?"

"फ्रिजमध्ये. दुधाच्या मागे."

तिला तो चहा आठवत असावा. मग पदर सावरून ती निघून गेली. जाताना फाटकाच्या डाव्या खांबाला तिचा खांदा घासला.

सोमवारी सकाळी मी तिच्या दारात उभी राहिले. म्हटलं, दार लावून घेतलं तरी चालेल, पण दवाखान्यात चल. ती आली. रिक्षात दुसऱ्या टोकाला बसली. मी यावेळी स्कार्फ बांधला नव्हता. नजरेच्या तपासणीला माणसाला एका यंत्रापुढे बसवतात, आत बारीक दिवे लागतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी दाराशी बसून ऐकत होते. बटण टक-टक वाजायचं, मग मध्येच बराच वेळ काहीच वाजायचं नाही. त्या न वाजण्यात मी देवाला हाका मारत होते, आणि या खेपेला स्वतःसाठी नाही.

डॉक्टरांनी कागद दाखवला. डाव्या डोळ्याची बाहेरची बाजू काळी. उजवा बराचसा वाचला होता. म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, आहे ते थेंबांनी टिकेल. मी विचारलं, हे सगळं या सहा महिन्यांतच गेलं का? ते म्हणाले, "काही आधीही गेलं असेल. किती केव्हा गेलं ते सांगता येत नाही." मी त्या वाक्याला धरून बसले. काही आधी गेलं असेल. मग शेजारी अक्का बसलेली दिसली आणि मी अजूनही स्वतःलाच सोडवायला बघतेय हे लक्षात आलं. मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

बाहेर औषधाच्या दुकानासमोरच्या बाकावर आम्ही बसलो. रस्त्यावर गाड्यांची ही गर्दी. नवी बाटली तिच्या हातात होती.

"बाई, प्रार्थना करा."

मी म्हटलं, "मी? आता माझ्याकडून कशी करवून घेतेस? पाळकसाहेबांना सांगते."

"न्हाय. तुमीच करा. पर आता थेंबाचं बी नाव घ्या देवाम्होरं. लपवू नका."

मी केली. त्या गोंगाटात, डोळे मिटून, बाटलीवरचं लांबलचक नाव अडखळत वाचलेलं जसं आठवलं तसं घेतलं, सकाळी एक आणि संध्याकाळी एक, दोन्ही डोळ्यांत, हेही सांगितलं. तिने आमेन म्हटलं. मला क्षमा केली असं ती म्हणाली नाही, आजवर म्हणालेली नाही, आणि मी विचारलेलं नाही. डोळे पुसून ती म्हणाली, "माजी पोरगी घालत हुती, ती आता सासरी हाय. माज्या हातानं नेम लागत न्हाय. संध्याकाळचं तुमी या."

तेव्हापासून मी रोज साडेसहाला जाते. सकाळचा थेंब शेजारची बाई घालते, संध्याकाळचा मी. पूर्वी मला चिंता पडली की मी देवाला म्हणायची, हे माझ्यापासून दूर कर. आता एवढंच म्हणते की आज तिथवर जाण्याइतकं बळ दे, आणि तेवढं मिळतं. त्याहून मोठा विश्वास मला जमत नाही. कधी पाऊस असतो, कधी माझाच पाय दुखतो, कधी तिचा मूड नसतो आणि ती माझ्याशी बोलत नाही. ती ओट्यावर विड्या वळत बसलेली असते आणि रिक्षा थांबते ती गल्लीच्या डाव्या तोंडाशी. मी तिच्या डाव्या अंगाने चालत येते, अगदी जवळ, हाताच्या अंतरावर येऊन उभी राहते. ती समोर बघत वळत राहते. रोज मलाच तोंडाने सांगावं लागतं की अक्का, मी आलेय.